कोकणातल्या घराला पेट्रोल जनरेटर किती केव्हीएचा घ्यावा? फ्रिज, पंखे, दिवे आणि विहिरीवर १ एचपीचा पंप आहे.

फ्रिज, पंखे, दिवे एवढ्यालाच २ केव्हीए पुरतो. घोडं अडतं ते पंपापाशी. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण मोटर सुरू होताना क्षणभर त्याच्या तिप्पट किंवा जास्तही भार खेचते. त्यासाठी मोठा जनरेटर घेऊन पेट्रोल जाळण्यापेक्षा पाऊस लागायच्या आधी पाण्याची टाकी भरून ठेवा, असं माझं मत. टीव्ही, लॅपटॉप लावणार असाल तर इन्व्हर्टर जनरेटर, म्हणजे स्थिर वीज देणारा, बघा. महाग असतो, पण आवाज कमी.

घरच्या वायरिंगला जोडताना चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर, एकच घराला जोडणारा) हवाच, नाहीतर वीज उलटी लाइनवर जाऊन वायरमनच्या जिवावर बेतेल. आणि कितीही पाऊस असो, पडवीत चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अंगणात, खिडक्यांपासून लांब, वर पत्रा टाकून ठेवा.