जुन्या गाडीतली खटखट: वाचकांचे प्रश्न

‘गाडीतून खटखट आवाज येतो, काय बदलावं?’ हा एका ओळीचा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. एवढ्यावरून मला काहीच सांगता येत नाही, आणि जो फोनवरच सांगून मोकळा होईल त्याच्या भरवशावर पार्ट विकत घेऊ नका. आवाज केव्हा येतो ते लिहा: खड्ड्यात, वळताना, ब्रेक दाबल्यावर की गिअर टाकताना. ज्यांनी तेवढं कळवलं त्यांना उत्तरं देतोय.

प्रश्न: खराब रस्त्यावर हळू जाताना पुढून डावीकडे खटखट होते. स्पीडब्रेकरवर मात्र आवाज नाही. शॉकअप गेले असं सांगितलं म्हणून दोन्ही बदलले, आवाज तसाच आहे.

स्पीडब्रेकरची गोष्ट तुम्ही लिहिलीत ते फार बरं केलंत, कारण खरी खूण तीच आहे. आधी लिंक रॉड तपासा. दोन्ही टोकांना छोटे गोळे असलेला हा दांडा स्टॅबिलायझर बारला (वळताना गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांमध्ये बसवलेली आडवी सळी) शॉकअपशी जोडतो. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं वर राहिलं की बारला पीळ बसतो आणि झिजलेला गोळा खट् करतो. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं बरोबरीने चढतात, पीळ बसत नाही, आवाजही होत नाही.

तपासतानाही इथेच चूक होते. एकच चाक जॅकवर उचललं तर बार ताणलेला राहतो आणि ढिला लिंकसुद्धा हाताला घट्ट लागतो. गाडी चारही चाकांवर रॅम्पवर असताना, किंवा पुढची दोन्ही चाकं सारखी उचलून, लिंक मुठीत धरून हलवायला सांगा. शॉकअपमधून तेल गळत नव्हतं, गाडी उसळत नव्हती, तर ते कशाला बदलले हे गॅरेजला जरूर विचारा.

प्रश्न: स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढली की टक-टक-टक असा आवाज येतो.

एक्सलचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, चाकाकडचा बाहेरचा जॉइंट असणार. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर त्याचा रबरी बूट फाटलाय. या आठवड्यातच दाखवा.

प्रश्न: रिव्हर्स टाकून क्लच सोडला की एकदाच ‘ठक्’ होतं. इंजिन बंद करतानाही गाडीला धक्का बसतो.

इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार. त्याचं रबर फाटलं असेल. मेकॅनिकला बॉनेट उघडं ठेवून इंजिनाची हालचाल बघू द्या, आणि तो बघत असताना कुणीही गाडीसमोर उभं राहू नका.

प्रश्न: लोअर आर्मचा बॉल जॉइंट ढिला असल्याचं मेकॅनिकने सांगितलं होतं. ग्रीस मारल्यावर आवाज गेला. मेहुणे म्हणतात, असा जॉइंट वर्षभर चालतो. पुढच्या आठवड्यात लांबचा प्रवास आहे. निघावं का?

नाही. आधी जॉइंट बदला, मग निघा.

हे सविस्तर सांगतो, कारण इतर खटखटींनी त्रास होतो, पण या खटखटीने चाक जातं. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, आणि त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट म्हणजे वाटीत बसवलेला स्टीलचा गोळा. चाकाचा खालचा भाग त्याच्यावर धरलेला असतो. वरचं रबर फाटलं की आत पाणी आणि माती शिरते, गोळा गंजतो, वाटी झिजते. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत हा जॉइंट सीलबंद असतो, त्यात ग्रीस भरायची सोयच नसते. बाहेरून मारलेलं ग्रीस काही दिवस आवाज दाबतं, झीज मात्र भरून निघत नाही. आधी आवाजामुळे निदान तुमचं लक्ष तरी होतं, आता तेही गेलं.

माझ्याकडे एक गाडी टो करून आली होती. पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग वळवलं आणि चाक खालून बाहेर निघून आडवं झालं. मडगार्ड टायरवर टेकलेलं, एक्सल जागचा सुटलेला, ब्रेकची रबरी नळी तारेसारखी ताणलेली. आदल्या संध्याकाळी हेच कुटुंब हायवेवरून घरी आलं होतं, मुलं मागच्या सीटवर झोपली होती. मालक मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, ‘आवाज तर बंद झाला होता हो.’ ते वाक्य माझ्या कानातून अजून जात नाही.

तपासणी पाच मिनिटांची आहे. गाडी उचलून स्टँडवर ठेवायची, चाकाला घड्याळ समजून वर १२ आणि खाली ६ च्या जागी धरून आत-बाहेर हलवायचं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्याने ब्रेक दाबून धरायचा. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंगकडे बघा, तसाच राहिला तर बॉल जॉइंटकडे. फक्त ३ आणि ९ वर धरून प्ले लागला तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जिथे जोडतो तो सांधा. हे गॅरेजमध्येच करून घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका. काही गाड्यांत जॉइंट सुटा मिळतो, काहींत पूर्ण आर्म बदलावा लागतो. त्यानंतर अलाइनमेंट करायचंच.

प्रश्न: कालच टायर बदलले, आज चाकातून खटखट येतेय.

गाडी आत्ता थांबवा आणि चाकाचे नट तपासा. ढिले असतील तर जागेवरच पान्याने घट्ट करा आणि हळू चालवत टायरवाल्याकडे परत जा. नटाचं छिद्र मोठं झालं असेल किंवा बोल्टचे आटे गेले असतील तर चालवूच नका, टो करा.

प्रश्न: ब्रेकवर हलका पाय ठेवला की खडखड बंद होते.

कॅलिपरची (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिन झिजली आहे किंवा पॅड त्याच्या खाचेत सैल बसलाय. ब्रेकचा मामला आहे, लगेच दाखवा.

प्रश्न: आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) बदलले, ३ महिन्यांत पुन्हा आवाज. आता म्हणतात, गाडी १४ वर्षांची आहे, सगळं सस्पेन्शनच बदला.

ढिला पार्ट हातात धरून दाखवल्याशिवाय काही बदलू देऊ नका, आणि काढलेला पार्ट परत मागा. जे दाखवत नाहीत ते अंदाजाने तुमचे पैसे खर्च करतायत.

बुश इतक्या लवकर का गेले, याचं बहुतेक वेळा एक कारण असतं. चाकं हवेत लटकत असताना आर्मचे बोल्ट आवळले, की गाडी खाली ठेवताक्षणी रबराला पीळ बसतो आणि ते कायम पिळलेलंच राहतं. मग नवं रबरही फाटतं. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचं आवळायचं. तुमच्या गाडीत तसं केलं होतं का, हे विचारा. उत्तर टाळलं तर दुसरीकडे दाखवून घ्या.

प्रश्न: मागून खडखड. दोन गॅरेज झाली, दोष सापडत नाही.

डिकी पूर्ण रिकामी करा, स्टेपनी, जॅक आणि पाना बाहेर काढून त्याच रस्त्यावर एक फेरी मारा. तरी आवाज आला तर मेकॅनिकला मागच्या सीटवर बसवून ट्रायल द्या.