आउटबोर्ड (होडीच्या मागे बसवलेलं इंजिन) सुरू होत नसेल तर

दोरी ओढून दमण्याआधी किल स्विचची (इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप नीट बसलीय का, गिअर न्यूट्रलला आहे का, ते बघ. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघड. तो बंद राहिला तर पेट्रोल येणं थांबतं. पेट्रोलच्या पाइपवरचा रबरी फुगा, त्यावरचा बाण वर ठेवून, घट्ट होईपर्यंत दाब.

तरीही नाही? स्पार्क प्लग काढ. खरं उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं. टोक पेट्रोलने ओलं असेल तर इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत जास्त पेट्रोल साचलंय: प्लग वाळवून परत बसव, चोक न लावता थ्रॉटल उघडून दोरी ओढ, सुरू होताच थ्रॉटल कमी कर. कोरडं असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये. फिल्टर बघ, मग कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी). महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल चिकट होऊन त्याचं बारीक भोक बुजवतं. आणि प्लगची ठिणगी पडते का ते तपासायचं झालं तर आसपास पेट्रोलची वाफ अजिबात नको, हे कृपया पाळच.