व्हायल रिकामी दिसतेय, प्रोटीन गेलं कुठे?

प्रश्न: मॅडम, मी इम्युनॉलॉजीत पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. सरांनी रिकॉम्बिनंट (लॅबमध्ये बनवलेलं) ह्युमन रॅन्टेस म्हणजे सीसीएल5, पेशींना आपल्याकडे ओढणारं प्रोटीन, मागवलं, 10 मायक्रोग्रॅमची व्हायल, उघडली तर आत काहीच नाही! तरी पाणी घातलं, आणि ट्रान्सवेलमध्ये (मध्ये छिद्रांचा पडदा असलेली दोन कप्प्यांची वेल) खालच्या कप्प्यात चांगलं 1 मायक्रोग्रॅम प्रति मिली लावलं, पण वरच्या टीएचपी-1 पेशी (मोनोसाइटसारख्या पांढऱ्या पेशी) जागच्या हलेनात. कंपनीने फसवलं का? – एक वाचक, नागपूर

उत्तर: अगं, 10 मायक्रोग्रॅम म्हणजे मिठाच्या एका कणाहूनही कमी, ते दिसणार कसं? काचेला पापुद्र्यासारखं चिकटलेलं असतं, कधी झाकणालाही, म्हणून उघडायच्या आधी व्हायल सेंट्रिफ्यूजला थोडी फिरवून घ्यायची. मग 100 मायक्रोलिटर स्टराइल पाणी, व्होर्टेक्स (यंत्रावर जोरात हलवणं) अजिबात नाही, आणि पुढचं डायल्युशन 0.1 टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) घालून, नाहीतर एवढंसं प्रोटीन ट्यूबच्या प्लास्टिकलाच चिकटून बसतं. लगेच छोटे अॅलिकॉट (वेगवेगळे भाग) करून उणे 80 अंशांना टाक, रोज रोज तेच वितळवू नकोस.

पण खरी गडबड डोसची वाटते मला. केमोकाइन (रॅन्टेससारखं पेशींना बोलावणारं प्रोटीन) जास्त म्हणजे पेशी जास्त पळणार असं नसतं गं. गल्लीत शिरलं की फोडणी कुणाकडे पडलीय ते वासावरून कळतं, पण सगळ्या गल्लीभर धूर झाला तर कुठल्या घरात जायचं? तसंच हे, सगळीकडे भरपूर झालं की ते ओळखणारे पेशीवरचे रिसेप्टर आत ओढले जातात आणि पेशीला दिशाच कळत नाही. ग्राफ घंटेसारखा येतो, वर जाऊन परत खाली. तू 1, 10, 50, 100 नॅनोग्रॅम प्रति मिली असं लावून बघ, आणि एका वेलमध्ये वर-खाली सारखंच प्रोटीन ठेव, तिथेही पेशी तेवढ्याच उतरल्या तर ती नुसती वळवळ समज, केमोटॅक्सिस (केमोकाइनच्या दिशेने जाणं) नाही.

आता फसवणुकीचं. असं प्रोटीन बरेचदा ई. कोलाय जिवाणूकडून बनवून घेतात, आणि तो प्रत्येक प्रोटीनची सुरुवात मेथिओनिन या अमिनो आम्लाने करतो, आणि रॅन्टेसच्या टोकाला तो राहून गेला की काम बिघडतं. 1996 मध्ये जिनिव्हाच्या ग्लॅक्सोच्या लॅबने हेच दाखवलं, रॅन्टेसच्या 68 अमिनो आम्लांना हे एक जास्तीचं चिकटलं आणि प्रोटीन रिसेप्टरवर जाऊन बसतं पण पेशीला हलवत नाही, उलट खऱ्या रॅन्टेसची वाट अडवतं (त्या लोकांनी त्याचाच ब्लॉकर म्हणून उपयोग केला, हुशार!). तेव्हा डेटाशीटवर सिक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम) सेरीनने, म्हणजे रॅन्टेसच्या स्वतःच्या पहिल्या अमिनो आम्लाने, सुरू होतोय का बघ, आधी मेथिओनिन दिसला तर मग खुशाल कंपनीला फोन लाव.