पिल्सनर म्हणजे पिल्सनकर

प्रश्न : बाटलीवर ‘पिल्सनर लागर’ असं छापतात. ही द्विरुक्ती नाही का? आणि ‘पिल्सनर’ शब्द आला कुठून?

उत्तर : द्विरुक्ती आहे, पण ‘हापूस आंबा’ चालतो तशी चालणारी. प्रत्येक पिल्सनर लागर असते, प्रत्येक लागर पिल्सनर नसते. मात्र ‘लागर म्हणजे फिकट बिअर’ हे पालुपद आता पुरे. (‘लेजर’ हा उच्चारही.) जर्मनमध्ये लागर म्हणजे साठवण, कोठार. 8 ते 12 अंश सेल्सिअसला आंबवून, मग शून्याच्या आसपास काही आठवडे मुरवलेली ती लागर. हे मुरवणं घाईत उरकलं की लोण्यासारखा वास मागे राहतो. रंगाचा संबंधच नाही. म्युनिकची डुंकेल गडद तपकिरी असूनही लागरच.

पिल्सनर हे गावावरून पडलेलं नाव. बोहेमियातलं (आजच्या चेक प्रजासत्ताकातलं) प्लझेन्य, जर्मनमध्ये पिल्सन; त्याला ‘एर’ प्रत्यय. पुण्याचा पुणेकर, तशी पिल्सनची पिल्सनर. हँबुर्ग शहराचा हँबर्गर याच घराण्यातला, त्यात ‘हॅम’ शोधू नये. डॉलरही याच घराण्यातला! बोहेमियातल्याच योआखिम्सथालच्या चांदीचं नाणं ते योआखिम्सथालर. त्याचं झालं थालर, पुढे डॉलर.

खरी गंमत व्याकरणात आहे. जर्मन विशेषणं नामाआधी आली की लिंग-विभक्तीप्रमाणे बदलतात. हे ‘एर’वालं मात्र ढिम्म हलत नाही. कारण मुळात ते विशेषण नव्हेच, रहिवाशांच्या नावाची अनेकवचनी षष्ठी आहे. म्हणजे ‘पिल्सनर बिअर’ ही नुसती पिल्सनची नव्हे, पिल्सनकरांची बिअर! आणि इतिहासही तेच सांगतो. 1838 साली तिथल्या नागरिकांनी बिघडलेल्या बिअरची 36 पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. बिअर बनवायचा हक्क असलेल्या घरमालकांनीच मग एकत्र येऊन नवी भट्टी उभारली, बव्हेरियाहून योसेफ ग्रोल या बिअर बनवणाऱ्याला आणलं आणि 5 ऑक्टोबर 1842 रोजी पहिला घाणा लागला. प्रत्ययाने इतकं खरं बोलावं!

‘पिल्सनरचा सोनेरी रंग योगायोगाने आला’ असं लिहिणाऱ्या पंडितांनी माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, कसं वाळवतात ते एकदा पाहावं. धूर थेट लागला की माल्ट काळवंडतं, धुरकट होतं. इथे इंग्लिश पद्धतीची, गरम हवेवर चालणारी, माल्ट वाळवायची भट्टी मुद्दाम बसवली होती. गावचं पाणीही कमालीचं मृदू. पाण्यात कार्बोनेट जास्त असतं तर एवढ्या हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा, कडूपणा घशाला ओरबाडला असता. यात योगायोग कसला?

पुढे जर्मनीत जो तो आपल्या बिअरला पिल्सनर म्हणू लागला आणि गावाचं नाव प्रकाराचं झालं. म्हणून मूळ भट्टीने 1898 मध्ये ‘उर्क्वेल’, म्हणजे मूळ झरा, हे शेपूट लावून घेतलं. चेक लोक अजूनही दुसऱ्या गावच्या बिअरला पिल्सनर म्हणत नाहीत. तिला ते ‘स्वेत्ली लेझाक’ म्हणतात, म्हणजे फिकट लागर.