वाचक विचारतात : नाबोथच्या मळ्याचं पुढं काय झालं?

प्रश्न : आमचं भाताचं शेत बेळगावपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे, आता तिथपर्यंत लेआउट येऊन टेकलेत. शेजारच्या मोठ्या माणसाला आमचे दोन एकर पाहिजेत. बाबा नको म्हणाले तर लगेच गाडीवाट बंद, आणि आता गावातलीच चार जाणती माणसं घरी येऊन सांगूलालेत की देऊन मोकळे व्हा. आमच्या काकू कॅम्पातल्या चर्चला जातात, त्या म्हणाल्या बायबलात अगदी अशीच गोष्ट आहे, नाबोथची, आणि त्या राजाला शेवटी कुत्र्यांनी खाल्लं. मला एवढंच विचारायचंय, देव खरंच असा न्याय करतो काय, आणि करतो तर इतका उशीर का लावतो?
— एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर : काकूंनी गोष्ट बरोबर सांगितली, फक्त शेवट जरा घाईत उरकला. कुत्र्यांनी खाल्लं ते राणीला, राजाचं नुसतं रक्त चाटलं. आणि या दोन्हीच्या मध्ये बरीच वर्षं गेली, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वर्षांतच आहे.

गोष्ट आहे राजे या पहिल्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात. अहाब म्हणजे इस्राएलचा राजा, इ.स.पू. नववं शतक. इज्रेलमध्ये त्याच्या वाड्याला लागून नाबोथचा द्राक्षमळा. राजाला तिथं काय लावायचं होतं माहितीय? भाजीपाला! त्यानं दरही चांगला दिला हो, म्हणाला याच्यापेक्षा बरा मळा देतो नाहीतर रोख घे. नाबोथ म्हणाला वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. हा नुसता हट्ट नव्हता, त्यांच्या नियमशास्त्रात जमीन मुळात देवाची, आपण फक्त वहिवाटदार, अडचणीत विकली तरी पन्नासाव्या वर्षी मूळ घराण्याकडं परत. राजा घरी आला, तोंड फिरवून झोपला, जेवेना. मला हा राजा इथंच कळतो, नाही ऐकायची सवय नसलेला माणूस.

मग राणी ईजबेल म्हणाली मी बघते. तिनं राजाच्या नावानं पत्रं लिहिली, शिक्का राजाचा, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना पाठवली. उपास जाहीर करा, नाबोथला पुढच्या जागेवर बसवा, समोर दोन गुंड बसवा, त्यांनी म्हणायचं यानं देवाला आणि राजाला शिव्या दिल्या. नियमाप्रमाणं साक्षीदार दोन लागतात म्हणून बरोब्बर दोन. म्हणजे सगळं कागदावर स्वच्छ, वर धर्माचा वास. गावाबाहेर नेऊन नाबोथला दगडांनी ठेचलं आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला. एलीया संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, तिथंच गाठतो त्याला आणि विचारतो, खून करून वर ताबापण घेतलास काय? तुमच्या घरी आलेल्या त्या चार जाणत्यांवरून मला इज्रेलचे ते वडीलधारे आठवले. पत्र वाचून एकानंही हूं का चूं केलं नाही, आणि पुढं त्यांचं काय झालं हे या गोष्टीत कुठंच येत नाही. मला ते कायम खटकतं.

आता उशिराचं. शिक्षा होणार हे एलीयाकडून ऐकून अहाब घाबरला, कपडे फाडले, गोणपाट नेसला, उपास केला. देव म्हणतो हा नमला, म्हणून याच्या हयातीत नको, पोराच्या काळात अरिष्ट आणीन. पुढं रामोथ-गिलादच्या लढाईत अहाब वेष बदलून गेला, तरी कुणीतरी सहज सोडलेला बाण चिलखताच्या सांध्यात घुसला. रथ राजधानी शोमरोनच्या तळ्यावर धुतला, तिथं कुत्र्यांनी रक्त चाटलं. मग येहू नावाच्या सरदारानं बंड करून अहाबच्या पोराला मारलं आणि प्रेत फेकायला लावलं ते कुठं, तर नाबोथच्या त्याच शेतात. ईजबेल डोळ्यात काजळ घालून खिडकीत उभी होती, तिच्याच नोकरांनी तिला खाली ढकललं, पुरायला गेले तर कवटी, पाय आणि तळहात एवढंच उरलेलं.

पण बापाचं पाप पोराच्या डोक्यावर, हा कसला न्याय? हे तुमच्या-माझ्या आधी त्याच शास्त्रानं विचारलंय. यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात लोकांची म्हण येते, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. अथणीकडच्या बागायतदारांना ही म्हण लगेच पटेल. देव तिथं म्हणतो ही म्हण आता बंद, जो पाप करेल तोच मरेल. आणि येहू, ज्यानं न्याय केला म्हणून पाठ थोपटून घेतली, त्याच्याच घराण्याला होशेय संदेष्टा इज्रेलच्या रक्ताचा जाब विचारतो.

शिवाय सगळेच दुष्ट राजे असे पडले असंही नाही. शेजारच्या यहूदा राज्याच्या मनश्शे राजानं यरुशलेम निरपराध्यांच्या रक्तानं भरलं आणि ५५ वर्षं राज्य केलं. त्याचा नातू योशीया भला राजा, तो मगिद्दोला ३९व्या वर्षी मारला गेला. यिर्मया संदेष्टा सरळ देवालाच विचारतो, दुष्टांचं बरं का चालतं? त्यामुळं देव लगेच बघून घेईल असं मी तुम्हाला लिहून देणार नाही, ते शास्त्रही देत नाही.

एक गोष्ट मात्र बघा. अश्शूरच्या राजाचा एक शिलालेख आहे, इ.स.पू. ८५३ च्या लढाईचा, त्यात अहाबचे २,००० रथ आणि १०,००० सैनिक मोजलेत. तिथं नाबोथ नाही. इब्री शास्त्रात मात्र ती लढाईच नाही, आणि एका शेतकऱ्याच्या मळ्याला आख्खा अध्याय दिलाय.

बाकी गाडीवाट वहिवाटीची असेल तर देवाची वाट बघत बसू नका, उतारा आणि जुना नकाशा घेऊन चांगला दिवाणी वकील गाठा. आणि बाबांना एकट्याला कुठल्या बैठकीला पाठवू नका.

प्रश्न : बायबलात बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) बेलशस्सर राजाच्या मेजवानीत भिंतीवर हात उमटून लिहितो ते ‘मने, मने, तकेल, ऊफारसीन’ म्हणजे नक्की काय? मंत्र आहे काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : मंत्र कसला, वजनं आहेत हो! मना आणि शेकेल ही तिकडची मापं, शेवटचा शब्द म्हणजे अर्धं. आपल्याकडं भिंतीवर ‘शेर, शेर, छटाक, अच्छेर’ असं उमटलं तर कसं वाटेल, तसं. अर्थ सांगणारा दानीएल संदेष्टा त्याच शब्दांची क्रियापदं करतो, मोजलं, तोललं, वाटून टाकलं, आणि शेवटच्या शब्दात पारसी लोकांचं नावही ऐकू येतं. बाबेल पारसी सैन्याच्या हातात गेली ती इ.स.पू. ५३९ मध्ये. शब्द सगळे बाजारातले, पण दरबारातल्या एकाही पंडिताला वाचता आले नव्हते.