वाचक विचारतात: कोकणातली शहरं किती आणि त्यांत माणसं किती?

या वेळी नगरपरिषदा, नगरपंचायती आणि त्यांच्या लोकसंख्येबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. वेगळा उल्लेख नसेल तिथे आकडे 2011 च्या जनगणनेचे समजावेत. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे सरकारी कामात अजूनही तेच चालतात.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात सिंधुदुर्गात 3 नगरपरिषदा दिल्या आहेत, दुसऱ्यात 8 शहरं, तिसऱ्यात 'नागरी केंद्रं' म्हणून आणखीच वेगळी यादी. उत्तर काय लिहायचं? (विद्यार्थिनी, कुडाळ)

प्रश्नात शब्द कोणता आहे ते आधी बघा. 'नगरपरिषदा' विचारल्या असतील तर तीन : सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ला. 'नागरी स्थानिक स्वराज्य संस्था' विचारल्या असतील तर आठ, कारण त्यात कणकवली, कुडाळ, देवगड-जामसंडे, वाभवे-वैभववाडी आणि कसई-दोडामार्ग या पाच नगरपंचायती येतात. तालुकेही आठच असल्यामुळे लक्षात ठेवायला सोपं. गंमत म्हणजे जिल्ह्याचं मुख्यालय ओरोस यात कुठेच नाही.

रत्नागिरीत तालुके नऊ आणि संस्थाही नऊ. रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर या नगरपरिषदा. दापोली, गुहागर, देवरुख, लांजा, मंडणगड या नगरपंचायती. रायगडचं गणित एवढं सरळ नाही : पनवेल महानगरपालिका, दहा नगरपरिषदा (अलिबाग, उरण, पेण, खोपोली, कर्जत, माथेरान, रोहा, महाड, श्रीवर्धन, मुरूड-जंजिरा) आणि खालापूर, माणगाव, तळा, म्हसळा, पोलादपूर, पाली या नगरपंचायती. पालघरात वसई-विरार महानगरपालिकेसोबत पालघर, डहाणू, जव्हार या नगरपरिषदा आणि वाडा, विक्रमगड, मोखाडा, तलासरी या नगरपंचायती.

तिसरी यादी जनगणनेची. जनगणना खातं ग्रामपंचायतीलाही 'नगर' धरू शकतं. त्यासाठी लोकसंख्या किमान 5,000, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर, असे तीन निकष आहेत. अशा गावाला म्हणतात जनगणना नगर. तिथे कारभार सरपंचाचा, पण आकडा शहरी लोकसंख्येत जातो. तुमचं कुडाळ 2011 ला 16,015 लोकवस्तीचं असंच जनगणना नगर होतं. सिंधुदुर्गाच्या तिन्ही नगरपरिषदांची बेरीज 54,891 भरते, म्हणजे जिल्ह्याच्या 8,49,651 पैकी साधारण साडेसहा टक्के. जनगणना मात्र जिल्ह्याची शहरी लोकसंख्या 12.59 टक्के दाखवते. मधला फरक कणकवलीसारखी नगरपंचायत आणि जनगणना नगरं यांचा. दोन्ही आकडे खरे, फक्त एकमेकांच्या जागी वापरू नका.

प्रश्न : मालवणात जिकडे तिकडे नवी बांधकामं, सुट्टीत रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. तरी लोकसंख्या कमी झाली म्हणतात. मोजणीच चुकली असेल का? (मालवण)

मोजणीत चूक शोधायची गरज नाही. 2001 ला 18,675, 2011 ला 18,648. घट फक्त 27 माणसांची, म्हणजे शहर जागच्या जागी आहे म्हणा. वेंगुर्ल्याचंही तसंच : 12,471 वरून 12,392. सावंतवाडी तेवढी थोडी वाढली, 22,871 वरून 23,851. शहरांपेक्षा जिल्हे जास्त घटले. त्याच दहा वर्षांत सिंधुदुर्ग 19,174 नी आणि रत्नागिरी जिल्हा 81,708 नी खाली आला.

जनगणना माणूस मोजते तो जिथे सहसा राहतो तिथे. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. त्या काळात जो पूर्णवेळ बाहेर होता तो गावच्या घरात धरला गेला नाही. चाकरमानी मुंबईतच मोजला गेला, मग रेशनकार्ड मालवणचं असो की घरपट्टी तो इथे भरत असो. हॉटेलात दोन रात्री राहिलेला पर्यटकही इथला नाही. कुणीच राहत नसलेली घरं घरयादीत 'रिकामी' म्हणून नोंदली जातात, पण त्यांच्यापुढे माणूस शून्य. घरं वाढूनही माणसं न वाढण्याचं हे साधं कारण. शिवाय बरीचशी नवी बांधकामं नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, कुंभारमाठ किंवा वायरी-भूतनाथकडे झाली असतील तर ती मालवण शहराच्या आकड्यात येणारच नाहीत.

शिमग्याला गाव भरतं तेव्हा मोजा, असं बऱ्याच जणांचं म्हणणं असतं. पण पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षण, म्हणजे ज्या घडीची लोकसंख्या धरायची ती वेळ, 1 मार्च 2027 आहे आणि त्या वर्षी होळी 22 मार्चच्या सुमाराला. म्हणजे या खेपेलाही पालखी नाचेल तोवर मोजणी आटपलेली असेल. आणि होळीत गाठून मोजलं असतं तरी नियम 'सहसा राहणारा' हाच असल्यामुळे फरक पडला नसता.

पाणीयोजना किंवा कचऱ्याचं नियोजन मात्र 18,648 वर बेतू नका. पाण्याचा दरमाणशी दर नळयोजना असून भुयारी गटार नसेल तर दिवसाला 70 लिटर आणि गटार असेल तर 135 लिटर धरायची पद्धत आहे. त्यात पर्यटकांची गर्दी वेगळी मोजून मिळवावी लागते. ती जनगणनेत सापडणार नाही, हॉटेल आणि न्याहारी-निवासाच्या खाटांवरून काढायची.

प्रश्न : स्थानिक साप्ताहिकासाठी रायगडमधल्या शहरांचा तक्ता करायचा आहे. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा. मूळ आकडा कुठून आणि कसा घ्यायचा? (अलिबाग)

मूळ म्हणजे जनगणना आयुक्तांच्या संकेतस्थळावरचा 'प्राथमिक जनगणना गोषवारा'. जिल्ह्याची एक्सेल फाइल उतरवून घ्या. 2011 च्या फायलींत रायगडचा संकेतांक 520, रत्नागिरीचा 528, सिंधुदुर्गाचा 529. नावापेक्षा संकेतांकावर विसंबा, कारण रायगडचं इंग्रजी स्पेलिंग तिथे छत्तीसगडच्या रायगढसारखंच आहे. घाईत भलत्याच राज्याचे आकडे हाती येतात.

फाइल उघडल्यावर 'लेव्हल' या रकान्याला फिल्टर लावून फक्त 'टाउन' ठेवा. बहुतेक चुका इथेच होतात. प्रत्येक शहराखाली त्याच्या वॉर्डांच्या ओळी असतात. फिल्टर न लावता बेरीज मारली की शहर दोनदा मोजलं जातं आणि आकडा बरोबर दुप्पट येतो. नावापुढच्या कंसातली अक्षरंही वाचा : 'एम सीएल' म्हणजे नगरपरिषद, 'एनपी' नगरपंचायत, 'सीटी' जनगणना नगर. रोह्याची ओळ 'रोहा अष्टमी' नावाने शोधा. 'मुरूड' नुसतं टाकाल तर दापोली तालुक्यातलं गावही येईल, आणि कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे.

ताडून बघायला काही आकडे : खोपोली 71,141, पेण 37,852, उरण 30,439, कर्जत 29,663, महाड 27,531, अलिबाग 20,743, माथेरान 4,393. पनवेलची ओळ 1,80,020 दाखवेल, पण ती जुन्या नगरपरिषदेची. 1 ऑक्टोबर 2016 ला महानगरपालिका झाली तेव्हा खारघर, कामोठे, कळंबोली वगैरे आत आले आणि त्या हद्दीची 2011 ची लोकसंख्या 5,09,901 होते. तक्त्यात कोणती हद्द घेतली ते तळटीपेत लिहाच, नाहीतर शेजारच्या साप्ताहिकाशी भांडण ठरलेलं. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 चा, त्यामुळे त्याची स्वतंत्र फाइल मिळणार नाही. ठाण्याच्या 517 मधून तालुके वेचावे लागतात.

आजचा अंदाज द्यायचा असेल तर तो 'अंदाज' म्हणूनच द्या. अलिबाग 2001 ला 19,491 होतं, दहा वर्षांत 1,252 वाढलं. तीच सरळ वाढ धरली तर 2027 ला सुमारे 22,750, चक्रवाढीने सुमारे 22,900. दोन पद्धतींतला फरक नगण्य. खरी चूक हद्दीमुळे होते, कारण अलिबागची वाढ चेंढरे, वरसोलीकडे सरकते आणि त्या ग्रामपंचायती आहेत.

प्रश्न : नगरपंचायतीला दहा हजार लोकसंख्या लागते ना? मग आमच्यासारख्या लहान गावांना कशी मिळाली? (मंडणगड)

10,000 ते 25,000 ही सर्वसाधारण अट. 2014 मध्ये राज्य शासनाने तालुक्याच्या मुख्यालयी असलेल्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करायचं ठरवलं, तेव्हा लोकसंख्येची अट आड आली नाही. मंडणगड, वैभववाडी, दोडामार्ग त्यातून आल्या. त्यांचा 2011 चा आकडा शहरांत शोधू नका, तो गावांच्या ओळींत आहे. जोडनावाच्या नगरपंचायतीत तर दोन्ही नावं शोधून बघायची. 'वैभववाडी' टाकलं की तालुक्याची ओळ पुढे येते, गाव वाभवे नावाने आहे.

प्रश्न : नगरपंचायतीचे प्रभाग समान असतात म्हणे. पण आमच्या प्रभागात मतदार जास्त आणि शेजारच्यात कमी. हरकत घेता येईल का? (कणकवली)

मतदारसंख्येवरून घेतलेली हरकत टिकत नाही. प्रभाग 2011 च्या लोकसंख्येवर आखले जातात, मतदार यादीवर नाही. नगरपंचायतीत सदस्य 17, प्रभागही 17, एका प्रभागात एक सदस्य. कणकवलीचे 16,398 भागिले 17 म्हणजे सरासरी 965. दहा टक्के वर-खाली चालतं, म्हणून 868 ते 1,061 या मर्यादेत प्रभाग असायला हवा. तुमचा प्रभाग या मर्यादेबाहेर असेल आणि प्रभागरचनेच्या प्रारूपात (कच्च्या आराखड्यात) त्याचं कारण दिलेलं नसेल, तर हरकतीत दम आहे.

हरकत लिहिताना प्रारूपासोबतच्या तक्त्यातले प्रगणक गटांचे (जनगणनेत एका प्रगणकाकडे मोजायला दिलेल्या भागांचे) क्रमांक द्या. प्रभाग या गटांचेच बनतात. कोणता गट इकडून तिकडे टाकला तर दोन्ही प्रभाग मर्यादेत बसतात, ते आकड्यासह मांडा. 'आमची वाडी तोडली' एवढंच लिहिलेला अर्ज सुनावणीत दोन मिनिटांत निकाली निघतो. त्याऐवजी सीमा ओहोळ, मुख्य रस्ता किंवा रेल्वेमार्ग ओलांडते हे नकाशावर खूण करून दाखवा, ते अधिकाऱ्याला विचारात घ्यावं लागतं. आणि मुदत पाळा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आवक-जावकच्या टेबलासमोर रांग असते, पोच घेतल्याशिवाय हलू नका.

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्याचं ठिकाण, तरी 'ब' वर्ग. सगळं धरलं तर शहर लाखाच्या पुढे गेलं असणार. 'अ' वर्ग का नाही? (रत्नागिरी)

वर्ग ठरतो जनगणनेच्या आकड्यावर, तोही हद्दीच्या आतल्या. 1965 च्या नगरपरिषद कायद्यात एक लाखावर 'अ', चाळीस हजारांवर लाखापर्यंत 'ब' आणि त्याखाली 'क'. रत्नागिरी 76,229, चिपळूण 55,139, म्हणून दोन्ही 'ब'. जिल्ह्याचं ठिकाण असणं हा निकषच नाही, अलिबागही 'क' च्याच आकड्यात बसतं. तुम्ही 'सगळं' म्हणता त्यात नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव येत असणार. तिथे घरपट्टी ग्रामपंचायत घेते आणि माणसंही तिच्याच नावावर मोजली जातात.

उपाय हद्दवाढ. शासन आधी उद्घोषणा काढतं, हरकतींसाठी किमान 30 दिवस देतं, मग अंतिम अधिसूचना. अडतं ते हरकतींपाशी : घरपट्टी वाढेल, बांधकाम परवानगी किचकट होईल, सरपंचपद जाईल. यातली पहिली भीती अगदीच निराधार नाही, म्हणून वाढीव हद्दीत कर टप्प्याटप्प्याने लावण्याचं आश्वासन आधी लेखी मिळालं तर विरोध निवळतो.

मात्र घाई करून आता फारसा लाभ नाही. जनगणनेसाठी गाव-शहरांच्या हद्दी 31 डिसेंबर 2025 ला गोठवल्या गेल्या. त्यानंतर ज्या वाड्या आत येतील त्या 2027 च्या छापील आकड्यात ग्रामपंचायतीच्याच नावाने दिसतील, आणि बेरीज हाताने करावी लागेल.