मुदत ठेव मोडून सोने शोधण्याचे यंत्र घ्यावे का?

आपले पत्र मिळाले. गेल्या थंडीत मित्राचे जुने मेटल डिटेक्टर उसने घेऊन आपण सहा वेळा वाळवंटात गेलात आणि आपल्याला सोन्याचे तीन छोटे खडे मिळाले. तिन्हींचे मिळून वजन १.१ ग्रॅम भरले. निवृत्तीला चार वर्षे उरली असताना, अकरा महिन्यांनी मुदत संपणारी एक ठेव आताच मोडून पल्स इंडक्शन पद्धतीचे, म्हणजे विजेच्या स्पंदांवर चालणारे, वरच्या दर्जाचे यंत्र घ्यावे, की त्याच्या सहाव्या हिश्शाच्या किमतीत मिळणारे व्हीएलएफ पद्धतीचे, म्हणजे अखंड लहरींवर चालणारे, हलके यंत्र घ्यावे, असा आपला प्रश्न आहे. आपल्या पत्नी याला हौस म्हणतात आणि आपण गुंतवणूक म्हणता, हेही आपण मोकळेपणाने लिहिले आहे.

पहिले उत्तर थोडक्यात देतो: ठेव मोडू नये. यंत्र घेऊच नये असे मात्र मी म्हणणार नाही.

आपण दोन्ही यंत्रांच्या किमती सोन्याच्या आजच्या भावाने ग्रॅममध्ये काढून पाठवल्या, हे मला फार आवडले, कारण या व्यवहारात पैशापेक्षा ग्रॅम हे माप अधिक खरे बोलते. मोठे यंत्र ६० ग्रॅमचे, लहान १० ग्रॅमचे. मात्र आपल्या हिशोबात एक रकाना राहून गेला आहे. प्रत्येक फेरीला इंधन, पाणी, खाणे आणि एखादा मुक्काम मिळून सुमारे पाऊण ग्रॅम सोन्याइतका खर्च येतो, असे आपणच पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिले आहे. वर्षाला २० फेऱ्या धरल्या, तर चार वर्षांत ८० फेऱ्या होतात आणि त्यांचाच खर्च ६० ग्रॅम होतो, म्हणजे मोठ्या यंत्राच्या किमतीइतकीच रक्कम केवळ जाण्यायेण्यात खर्च होते. दोन्ही मिळून १२० ग्रॅम वसूल करायचे, तर दर फेरीला दीड ग्रॅम शुद्ध सोने मिळायला हवे. जमिनीत सापडणारा खडा शुद्ध नसतो. त्यात चांदी आणि थोडे तांबे मिसळलेले असते, आणि त्याचा कस साधारणपणे ७० ते ९५ टक्के असतो. आपण ८५ टक्के धरला, तर फेरीमागे कच्च्या वजनाचे सुमारे १.७६ ग्रॅम लागतील. चार वर्षांनी यंत्र निम्म्या किमतीला विकले जाईल असे मानले, तरी हा आकडा १.३२ च्या खाली उतरत नाही. लहान यंत्राचा हिशोब, त्याचीही पुढे निम्मी किंमत येईल असे धरून, ०.९६ ग्रॅमवर येतो.

आता आपली प्रत्यक्ष मिळकत पाहावी. सहा फेऱ्यांत १.१ ग्रॅम, म्हणजे फेरीमागे जेमतेम ०.१८ ग्रॅम. केवळ प्रवासाचा खर्च निघायलाही याच्या जवळजवळ पाचपट सोने मिळायला हवे. यंत्र कोणी फुकट दिले तरीही. सहा फेऱ्यांवरून कायमचा निष्कर्ष काढू नये हे मला मान्य आहे. नवशिक्याची मिळकत सरावाने वाढते, आणि एखादा मोठा खडा सगळे गणित बदलू शकतो. पण निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाने आपला हिशोब त्या एका खड्यावर उभा करू नये.

आपण १९८९ मध्ये मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटात सापडलेल्या ‘बूट ऑफ कॉर्तेझ’ या खड्याचा दाखला दिला आहे. तो खरोखरच १२ किलोंहून अधिक वजनाचा होता आणि २००८ मध्ये लिलावात त्याला १५ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. त्या वर्षीच्या भावाने त्यातील निव्वळ सोन्याची किंमत याच्या निम्मीही भरत नव्हती, उरलेली किंमत त्याच्या आकाराची आणि दुर्मीळपणाची होती. परंतु हा दाखला आपल्या बाजूचा नाही, असे मला वाटते. तो खडा शोधणाऱ्याच्या हातात साध्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून घेतलेला डिटेक्टर होता. शिवाय त्याच वाळवंटात रिकाम्या हातांनी परतलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही.

‘सोन्याचा भाव वाढतोच आहे, त्यामुळे यंत्र आपला खर्च भरून काढेल,’ हे आपले वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. भाव वाढणार यावर आपला विश्वास असेल, तर त्या ठेवीच्या पैशांत आजच ६० ग्रॅम सोने विकत मिळते आणि ते शोधावेही लागत नाही. यंत्र घेतल्यावर मात्र आपल्या हाती घसरत्या किमतीची एक वस्तू राहते आणि सोने मिळवण्याचे काम शिल्लकच असते. ठेव मोडल्यास व्याजाचा काही भागही हातून जाईल. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचे इतके नेमके उदाहरण माझ्या टेबलावर क्वचितच येते.

म्हणून या खरेदीला हौस म्हणावे आणि हौसेच्या पैशातून ती करावी. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला ठेवलेली असेल, विम्याचे हप्ते आणि निवृत्तीसाठीची दरमहाची बचत चालू असेल, तर त्यानंतर उरणाऱ्या पैशाचे काय करावे हा आपला अधिकार आहे. यासाठी कर्ज किंवा हप्त्यांची योजना मात्र घेऊ नये.

आता कोणते यंत्र, याकडे येतो. हा प्रश्न किमतीपेक्षा जमिनीचा अधिक आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या पत्रातच आहे. आपण लिहिता की वरच्या उतारावर यंत्र शांत होते आणि तिन्ही खडे तिथेच, बोटभर खोलीवर, खडकाच्या फटीत मिळाले. खालच्या कोरड्या ओढ्यात मात्र काळी रेती आणि तांबडे लोहयुक्त दगड असल्यामुळे ते सतत कुरकुरत राहिले. व्हीएलएफ यंत्र अखंड लहरी सोडते आणि परत येणाऱ्या लहरींतला फरक ओळखते. सोन्यासाठीची अशी यंत्रे उच्च वारंवारतेवर चालतात, उदाहरणार्थ माइनलॅबचे गोल्ड मॉन्स्टर १००० हे ४५ किलोहर्ट्झवर आणि फिशरचे गोल्ड बग २ हे ७१ किलोहर्ट्झवर. त्यामुळे उथळ जागेतला तांदळाच्या कणीएवढा खडाही त्यांना जाणवतो, आणि लोखंड कोणते याचा अंदाजही ती बऱ्यापैकी देतात. जमिनीतच लोह जास्त असले, की ती गोंधळतात. पल्स इंडक्शन यंत्र विजेचा स्पंद सोडते, तो बंद करते आणि मग धातूतून मागे राहिलेला क्षीण प्रतिसाद ऐकते. जमिनीचा आवाज तोवर बराचसा विरलेला असल्याने ते लोहयुक्त मातीतही खोलवर पोहोचते. त्याची अडचण अशी, की लोखंड आणि सोने यांत ते फारसा भेद करत नाही. जुन्या खाणकामाच्या जागी असे यंत्र घेऊन गेलात, तर दिवसभरात चाळीस वेळा खणावे लागेल आणि चाळीसपैकी बहुतेक वेळा हाती बुटाचा खिळा, तारेचा तुकडा किंवा बंदुकीच्या गोळीतले शिसे येईल. गुडघे दुखण्याची तक्रार आपण पत्राच्या शेवटी सहज म्हणून केली आहे. ती मी सहज घेतलेली नाही.

म्हणून खरेदीआधी एक प्रयोग करावा. आपल्याकडचा सर्वांत मोठा खडा, जो ०.६ ग्रॅमचा आहे, प्लास्टिकच्या चकतीवर चिकटवावा आणि ओढ्यातील त्याच कुरकुरणाऱ्या मातीत आधी पाच, मग दहा सेंटिमीटर खोल ठेवून त्यावरून मित्राचे यंत्र फिरवावे. मग दोन दिवसांसाठी पल्स इंडक्शन यंत्र भाड्याने आणावे आणि तोच खडा, तेवढ्याच खोलीवर, पुन्हा तपासावा. दुसऱ्या यंत्राने तो स्पष्ट पकडला आणि पहिल्याने सोडला, तर मोठ्या यंत्राची बाजू खरी आहे असे मानता येईल. दोघांनीही पकडला, तर ५० ग्रॅमचा फरक कशासाठी द्यायचा, हे आपल्याला स्वतःलाच कळेल. या प्रयोगाचा खर्च एका फेरीपेक्षा फार जास्त होणार नाही.

माझा कल स्पष्टच सांगतो. पहिल्या हंगामासाठी वापरलेले पण चांगल्या स्थितीतले व्हीएलएफ यंत्र घ्यावे आणि वरच्या उतारावरच काम करावे, कारण सोने मिळाल्याचा आपला एकमेव पुरावा तिथला आहे. नावाजलेल्या कंपन्यांच्या यंत्रांच्या हुबेहूब नकला बाजारात असतात; म्हणून अनुक्रमांक कंपनीकडून पडताळून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि विकणाऱ्याला यंत्र आपल्यासमोर चालवून दाखवायला सांगावे. कुदळ, चुंबक, हेडफोन आणि जादा बॅटरी यांसाठी यंत्राच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम वेगळी धरावी. माती चाचपण्यासाठीची पळी मात्र प्लास्टिकचीच हवी: त्यात मूठभर माती घेऊन यंत्राच्या कॉइलवरून (दांड्याच्या टोकाच्या तबकडीवरून) फिरवायची, आवाज आला की अर्धी टाकून उरलेली पुन्हा फिरवायची, असे करत शेवटी तळहातावर चिमूटभर माती आणि तो कण उरतो. धातूची पळी असेल, तर ती स्वतःच आवाज देते.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगायला हवी. जमीन मोकळी दिसली म्हणून तिच्यातले सोने आपले होत नाही. जमिनीचा हक्क आणि खनिजाचा हक्क अनेक ठिकाणी वेगळे असतात. अमेरिकेतल्या सार्वजनिक जमिनीवर दुसऱ्याचा खाणदावा, म्हणजे तिथले खनिज काढण्याचा हक्क, असू शकतो, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना लागतो. आपण जिथे जाता तिथला नियम लेखी स्वरूपात पाहावा आणि सापडलेले सोने विकल्यास त्यावर कर कसा लागतो, हे आपल्या करसल्लागाराला विचारावे.

ठेवीची मुदत संपेल तोवर आपल्या सुमारे २० फेऱ्या झालेल्या असतील. प्रत्येक फेरीची तारीख, तास, जागा, खर्च, खणलेल्या खड्ड्यांची संख्या आणि मिळालेले वजन एका वहीत लिहावे. त्या वहीत फेरीमागे सरासरी ०.९ ग्रॅम दिसले, म्हणजे निदान प्रवासखर्च निघू लागला, आणि ओढ्यातला प्रयोगही मोठ्या यंत्राच्या बाजूने गेलेला असला, तर मला पुन्हा लिहावे. तेव्हा ठेवीच्या व्याजातून, मुद्दलाला हात न लावता, वापरलेले पल्स इंडक्शन यंत्र घेता येते का, ते आपण एकत्र बसून पाहू. तोवर मुद्दल पुन्हा ठेवीतच गुंतवण्याची सूचना बँकेला देऊन ठेवावी.